एक आडवी रेघ

२०२१ चा जुलै. आमच्या बांधीत रोवणी चालू होती. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या अलीकडे आमचं गाव. चिखलात पंधरा-सोळा बाया, डोक्यावरून प्लास्टिक घेतलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या आणि मधोमध माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना मामीजी म्हणतो. गाणं त्या उचलतात, बाकीच्या झेलतात. ओळ झेलता झेलता सगळ्या एक पाऊल मागे सरकतात आणि पुढे हिरवी रांग उभी राहते.

ही गाणी मामीजींकडे त्यांच्या आईकडून आली. कागदावर त्यातली एक ओळ नाही. गावात आता आवत्या, म्हणजे रोवणी न करता सरळ बी पेरणं, वाढला, कुठे कुठे रोवणीचं यंत्रही येतं आणि यंत्रामागे कोणी गात नाही. म्हणून त्या दिवशी बांधावर बसून मी चाळीस मिनिटं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन ऐकलं तर गाण्याच्या खाली वाऱ्याची घरघर आणि प्लास्टिकवर पडणाऱ्या पावसाची तडतड. गाणं होतं, पण खोल विहिरीतून आल्यासारखं.

अशी घरघर कमी करणारं एक छोटं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, संगणकावरचं साधन मी आधीच उतरवून ठेवलं होतं. ते कसं वापरायचं ते सांगणारं पानही तलावाच्या पाळीवर जाऊन सेव्ह करून आणलं होतं. आमच्याकडे नेटवर्क धड धरतं ते मालगुजारी तलावाच्या पाळीवरच. संध्याकाळी सातला लाइट गेली, रात्री अकराला आली. मी पानावरची ओळ उचलली, टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लिहून हुकूम द्यायच्या खिडकीत, चिकटवली, एंटर दाबलं. उत्तर आलं, अशी फाइल नाही.

फाइल तर समोर होती. मला वाटलं, फाइलचं नाव मराठीत आहे म्हणून अडलं असेल. नाव बदललं. मग वाटलं, फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे. फाइल उचलून सरळ सी ड्राइव्हवर टाकली. मग वाटलं, साधनच नीट बसलं नाही. ते काढून परत बसवलं. दोन वाजले. मामीजी पाणी प्यायला उठल्या, दारातून म्हणाल्या, "काय करून राह्यली वं बाई इतक्या रातीपावतर? झोप ना." मी म्हटलं, तुमचंच गाणं धुऊन राहिले. त्या बराच वेळ माझ्यामागे उभ्या राहिल्या. त्या रात्री ते गाणं काही धुऊन निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात कारण सापडलं. तालुक्याच्या रस्त्यावर माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वार्षिक अहवाल, कॉलेजच्या पोरांची प्रोजेक्टं. तीच ओळ मी मजकुराच्या पानावर घेतली आणि अक्षरं बहात्तर पॉइंटची केली. आमच्या धंद्यात शंका आली की अक्षर मोठं करून पाहायचं, ही सवयच असते. पाहते तर काय, जिथे दोन आखूड आडव्या रेघा हव्यात तिथे एकच लांब रेघ बसली होती.

टर्मिनलवर काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. इतरांसाठी सांगते. अशा साधनांना सूचना द्यायच्या तर शब्दाच्या आधी एक किंवा दोन आखूड रेघा लावतात. रेघ दिसली की साधनाला कळतं की ही सूचना आहे. नसली की ते समजतं, हे फाइलचं नाव आहे. संगणकात प्रत्येक चिन्हाला एक युनिकोड क्रमांक असतो. आखूड रेघेचा ००२डी, लांब रेघेचा २०१३. माणसाच्या डोळ्याला दोन्ही रेघाच. संगणकाला मात्र एक ओळखीची आणि दुसरी कोणीतरी परकी. म्हणून ते बिचारं साधन रात्रभर लांब रेघेने सुरू होणाऱ्या नावाची फाइल शोधत होतं, आणि मला खरंच सांगत होतं की अशी फाइल नाही.

हातानं दोन आखूड रेघा टाकल्या. चाळीस मिनिटांचं गाणं अर्ध्या मिनिटात धुऊन निघालं. वारा बसला. पावसाची तडतड राहिली, ती जात नाही. वारा खालच्या सुरांत घुमतो आणि पावसाचा आवाज सगळ्या सुरांवर पसरलेला असतो. पण मामीजींचा आवाज जवळ आला. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मला रडू आलं.

आणि मग रागही आला. राग कोणा माणसावर नव्हता. मला वाटलं, या पानावरून ही ओळ उचलणारी मी एकटीच कशी असेन? कुठेतरी आणखी कोणी रात्री दोनला फोल्डरची नावं बदलत बसलं असेल. ज्याच्या शेजारच्या टेबलावर जाणकार बसलेला आहे, तो "अरे, हे बघ" म्हणून मोकळा होतो. ज्याच्या शेजारी कोणी नाही, ज्याला पान पाहायला तलावाच्या पाळीवर जावं लागतं, त्याची पूर्ण रात्र जाते.

एका अक्षराची किंमत काय असते ते मला माहेरपासून ठाऊक आहे. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढले तेव्हा माझ्या वडलांच्या नावातला एक काना गळला. एक उभी रेघ. बँकेच्या पासबुकावर काना होता, सातबाऱ्यावर नव्हता. त्या वर्षी धान विकलं आणि पैसे अडकले, कारण दोन कागदांवर दोन माणसं होती. लेखनातली चूक दुरुस्त करायला कायद्यात वाट आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५ त्यासाठीच आहे. पण वाट असणं आणि वाट चालणं यात वडलांची दोन वर्षं आठ महिने गेले. दर वेळी अर्ज नवा, दर वेळी विचारणा तीच, तुम्हीच ते कशावरून? ज्याची चूक नव्हती त्याने सिद्ध करत फिरायचं. वडील एसटीने जायचे, परत येताना मळलेली प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून बसायचे, तिच्यात त्या एका कान्याचे सगळे कागद.

म्हणून दस्तऐवज हा शब्द मी सॉफ्टवेअरच्या पानांना वापरत नाही. आमच्याकडे दस्तऐवज म्हणजे जमिनीचे कागद, आणि त्या शब्दाबरोबर मला ती पिशवी आठवते. मी साधं माहितीची पानं म्हणते.

तर, त्या पानाच्या खाली पेन्सिलची खूण होती. बऱ्याच ओपन सोर्स प्रकल्पांची पानं गिटहब किंवा गिटलॅबसारख्या जागी ठेवलेली असतात. पेन्सिल दाबली की पानाची मूळ फाइल उघडते आणि आपण त्यात बदल सुचवू शकतो. मी उघडली. आणि मूळ फाइलमध्ये पाहते तर लिहिणाऱ्याने दोन आखूड रेघा अगदी बरोबर दिल्या होत्या! चुकलं एवढंच होतं की त्या ओळीभोवती कोडची खूण द्यायची राहिली होती. ती खूण म्हणजे टॅबच्या वरच्या कळीवर असते ती उलटी अवतरणखूण. खूण नसल्यामुळे पान तयार करणाऱ्या यंत्रणेने ती ओळ साधा मजकूर समजली आणि साध्या मजकुरात दोन आखूड रेघा दिसल्या की त्यांची एक देखणी लांब रेघ करते तशी केली. पुस्तकात ते शोभतं. टेक्सइन्फो नावाच्या, पानं लिहायच्या जुन्या पद्धतीतही हाच नियम आहे: कोडच्या खुणेत रेघा जशाच्या तशा राहतात, बाहेर पडल्या की जोडल्या जातात. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओच्या साधनाची पानं टेक्सइन्फोतच लिहिलेली आहेत.

म्हणजे ही चूक ना लिहिणाऱ्याची, ना यंत्रणेची. दोघांच्या मधली. अशा चुका आम्ही डीटीपीवाल्या रोज पाहतो. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की मधेच एखादा रफार उडतो, आणि टाइप करणारी शपथेवर सांगते की मी बरोबरच टाकला होता. ती खरंच सांगत असते.

मी ओळीच्या आधी एक आणि नंतर एक खूण टाकली. दोन चिन्हं. खाली कारण लिहायची चौकट होती. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. तीन वाक्यं लिहायला पाऊण तास लागला: ही ओळ पानावरून उचलली तर चालत नाही, कारण दोन रेघांची एक होते; मी विंडोजवर अमुक आवृत्तीवर करून पाहिलं; खूण दिल्यावर बरोबर दिसतं. पाठवलं आणि धडधडत बसले. मला वाटत होतं की आता विचारतील, तुम्ही कोण?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी धन्यवाद, मग एकच प्रश्न: दुसऱ्या पानांवर पण असं झालंय का, पाहाल का? मी दुकान बंद झाल्यावर पाहिलं. आणखी अकरा ठिकाणी तसंच होतं. सगळी दुरुस्त करून पाठवली. त्यानंतरच्या सकाळी ती स्वीकारली गेली. मी कोण, कुठली, शिक्षण किती, हा प्रश्नच आला नाही. चूक आहे का एवढंच त्यांनी पाहिलं. मी मोबाईल घेऊन वडलांकडे माहेरी गेले आणि त्यांना ते पान दाखवलं. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "किती दिवस लागले?" मी म्हटलं, तीन. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले.

तेव्हापासून हे माझं नेमाचं काम झालं. आठवड्यातून दोन रात्री. लग्नसराईत जमत नाही, पावसाळ्यात जास्त होतं.

मी आवाज आणि व्हिडिओच्याच साधनांची पानं वाचते, कारण तीच मी वापरते. ही साधनं जुनी आहेत. व्हिडिओ पाहायच्या व्हीएलसीचं मूळ १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. आवाज कापायच्या-जोडायच्या ऑडॅसिटीची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. एफएफएमपेग २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलं. वीस-पंचवीस वर्षं जगभरची माणसं त्यात भर घालत आली. कोड बदलतो, बदलणाऱ्याला घाई असते, पान मागे राहतं. एखाद्या सूचनेची मर्यादा वाढते, पण जुना आकडा जागोजागी तसाच राहतो. आवाजाचा वेग बदलणारा एफएफएमपेगचा अटेंपो फिल्टर घ्या. पूर्वी त्यात दुपटीच्या वर जाता येत नसे, आता शंभरपट जाता येतं. तरी नेटवर कितीतरी ठिकाणी अजून दोनच लिहिलेलं आहे, आणि पोरं दोन-दोनचे फिल्टर एकापुढे एक जोडत बसतात.

या पानांत एकेका आकड्याला फार वजन आहे. हायपास नावाचा फिल्टर खालचे सूर कापतो. वाऱ्याची घरघर काढायची तर मी त्याला ऐंशी किंवा शंभर हर्ट्झ सांगते. पण एफएफएमपेगमध्ये आकडा न देता नुसता हायपास लिहिला तर तो ३००० हर्ट्झ धरतो. बाईच्या गाण्याचा मूळ सूर दोनशे ते पाचशेच्या आसपास फिरतो. म्हणजे आकडा विसरलात तर वाऱ्याबरोबर बाईही जाते. मागे राहतात टाळांची किणकिण आणि स, श यांचे फुत्कार. पानावर ही गोष्ट एका ओळीत दिलेली आहे, आणि बरोबर दिलेली आहे. समजा त्या ओळीत एक शून्य कमी पडलं असतं, तर? वाचणाऱ्याने ३०० समजून सोडून दिलं असतं आणि आपलं गाणं कुठे गेलं ते त्याला कधीच कळलं नसतं.

दुसरी मोठी चूक सापडली ती मंडईच्या दिवसांत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होतं, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, रात्रभर माणसं थंडीत पांघरुणं घेऊन बसतात. एका गावच्या खंजिरी भजन मंडळाने मला बोलावलं होतं. व्हिडिओ मोबाईलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. घरी जोडायला बसले तर हात खंजिरीवर पडतो आणि आवाज आधीच येऊन गेलेला असतो. आवाज दोन सेकंद उशिरा सुरू करायचा होता. एका साधनाच्या पानावर लिहिलं होतं, उशीर सेकंदांत द्या. मी दोन दिले. काहीच फरक नाही. पाच दिले. नाही. शेवटी चिडून पाच हजार दिले तर आवाज पाच सेकंद मागे गेला.

म्हणजे ते साधन हजारावे भाग मोजत होतं, मिलिसेकंद. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असतील तर एक चित्र चाळीस मिलिसेकंदांचं. मी दोन दिले तेव्हा आवाज एका चित्राच्या विसाव्या भागाएवढा सरकला होता. कोणाला दिसणार?

पण मला असं वाटतं, एवढ्यावर दुरुस्ती पाठवायची नाही. मी आधी खात्री करते. मुलीला अंगणात उभं केलं, तिने दोन हात डोक्याच्या वर नेऊन एक टाळी वाजवली. टाळी फार चांगली. चित्रात हात जुळतात ते एक चित्र आणि आवाजात एक सरळ उभा सुळका. हजार दिले, मोजलं. दोन हजार दिले, मोजलं. अडीच हजार दिले, मोजलं. तिन्ही वेळा बरोबर तेवढाच उशीर. मग लिहिलं की पानावर सेकंद आहे तिथे मिलिसेकंद हवं, आणि तीन मोजमापं खाली जोडली. यावर ज्याने ते कोड लिहिलं त्यानेच उत्तर दिलं. त्याने पानावरचा शब्द तर बदललाच, उदाहरणही बदलून दोनच्या जागी दोन हजार केलं. उदाहरण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शब्द दुरुस्त झाला असता आणि उदाहरण तसंच राहिलं असतं तर वाचणारा आणखी गोंधळला असता. तेव्हापासून एक शब्द बदलला की मी पूर्ण पान पुन्हा वाचते.

एकदा माझीच दुरुस्ती चुकली, तीही सांगते. एका पानावर के म्हणजे १००० असं होतं. मी दुकानात कितीतरी पोरांना शिकवलंय की एक केबी म्हणजे १०२४. लगेच दुरुस्ती पाठवली. उत्तर शांतपणे आलं: इथे के म्हणजे हजारच, आणि १०२४ हवे असतील तर के नंतर एक आय लावायचा. एफएफएमपेगमध्येही तसंच आहे; शेवटी मोठा बी लावला तर आठने गुणलं जातं तेही तिथे दिलेलं आहे. मी तपासून पाहिलं नव्हतं. शाळेत शिकलेलं पाठ होतं, म्हणून हात सरळ दुरुस्तीकडे गेला. पत्रिकेत मी असं कधी करत नाही. गिऱ्हाइकाने मुलाचं नाव 'ऋषीकेश' लिहिलं असेल तर मी त्याचं 'हृषीकेश' करत नाही, आधी विचारते, कारण शाळेच्या दाखल्यावर काय आहे ते मला माहीत नसतं. तोच नियम इथेही लावायला हवा होता. आता आधी करून पाहते, मग लिहिते.

पत्रिकेचं प्रूफ मी कसं वाचते ते सांगते, कारण हीच रीत इथे उपयोगी पडली. पट्टी घ्यायची, एका ओळीखाली ठेवायची. खालच्या ओळीपासून वर यायचं. वरून खाली वाचलं की मन अर्थाच्या मागे पळतं आणि चुकलेला शब्दही बरोबर वाचून टाकतं. खालून वर आलं की अर्थ तुटतो आणि नुसती अक्षरं राहतात. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार, तारखेसमोरचा वार, काकांच्या यादीत राहिलेलं एखादं नाव. एका मामाचं नाव राहिलं म्हणून आमच्या गावात दोन घरं सात वर्षं बोलत नव्हती. माहितीचं पानही मी तसंच वाचते. इंग्रजी वाक्याची सफाई मला कळत नाही, तिथे मी हात घालत नाही. पण वजा चिन्ह आहे का, एकक कोणतं, कंस जेवढे उघडले तेवढे बंद झाले का, मजकुरातलं नाव आणि उदाहरणातलं नाव एकच आहे का, हे पाहायला फार इंग्रजी लागत नाही. आवाजाच्या साधनात तर वजा चिन्हाशिवाय पान हलत नाही. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात, आणि ते आकडे बहुतेक शून्याच्या खालचे असतात. वजा गळला की कुजबुजीच्या जागी किंकाळी होते.

माझा भाचा देसाईगंजला लग्नाचे व्हिडिओ मिक्स करतो. तो म्हणतो, "मामी, पानं कोण वाचते आता? मोबाईलला विचारलं का सांगते तो." मी त्याला विचारलं, तो कुठून शिकला? तो याच पानांवरून शिकला असणार. एकदा त्याने विचारलेलं उत्तर मी पाहिलं, त्यात एका सूचनेचं जुनं नाव होतं, जे केव्हाच बदललंय. मुळाशी चिखल असला तर कॅनॉलच्या शेवटच्या बांधीपर्यंत चिखलच येणार. भाच्याला हे पटलं. रोवणीच्या दिवसांत त्याने स्वतः कॅनॉलवर रात्री काढल्या आहेत. आता कुठे अडला की तो मला पानाचा फोटो पाठवतो, ओळीखाली लाल रेघ मारून. त्यातून दोन दुरुस्त्या निघाल्या.

कोणाला हे करावंसं वाटलं तर दोन-तीन गोष्टी माझ्या अनुभवाच्या. चूक सापडली की आधी नव्या आवृत्तीचं पान उघडून पाहा, पुष्कळदा ती आधीच कोणीतरी काढलेली असते. एका वेळी एकच चूक पाठवा. दहा चुका एका गाठोड्यात बांधल्या की तपासणाऱ्याला सोडवत बसावं लागतं, आणि तोही आपल्यासारखाच दिवसभराचं काम उरकून बसलेला असतो. कोणती आवृत्ती, कोणता संगणक, काय केलं, काय झालं, हे लिहा. वाक्य सुंदर करायला जाऊ नका. मोठ्या प्रकल्पाची पूर्ण प्रत उतरवायला गेलात तर दिवसाचा डेटा संपतो. बदलांची नोंद ठेवणारं गिट नावाचं साधन आहे, त्यात फक्त शेवटची आवृत्ती मागता येते, डेप्थ एक असं सांगून. हे मला दोन महिने माहीत नव्हतं आणि मी पाळीवर तासन् तास बसत असे. गुराखी विचारायचे, "बाई, कोणाची वाट पाहून राह्यल्या?"

बदल पाठवला की तो दोन ओळींत दिसतो. वर लाल रंगात वजा चिन्ह लावलेली जुनी ओळ, खाली हिरव्या रंगात अधिक चिन्ह लावलेली नवी. मला ते दृश्य फार आवडतं. जुनी ओळ खोडून टाकलेली नसते, तिथेच असते, कोणी काय बदललं आणि का बदललं त्याची नोंद कायम राहते. वडलांच्या सातबाऱ्यावर शेवटी काना आला, पण तो कधी गळला आणि कोणाच्या हातून गळला, हे कुठल्याच कागदावर नाही.

मामीजींना अजून प्रश्न पडतो. "पैसे भेटते का याचे?" नाही भेटत. "मंग?" मी त्यांना म्हटलं, रोवणीत तुम्ही दुसऱ्याच्या बांधीत जाता तेव्हा शेजारणीची ओळ वाकडी गेली तर काय करता? त्या म्हणाल्या, "दोन पऱ्हे उपटून सरळ लावतो. वाकडी दिसते ना ते." मग त्यांनी पुढे विचारलं नाही.

रोवणीची गाणी आता सव्वीस झाली आहेत. प्रत्येकाची एक प्रत तशीच, वाऱ्यासकट, आणि एक धुतलेली. धुताना काय काय सूचना दिल्या ते मी प्रत्येक फाइलसोबत लिहून ठेवते, लांब रेघ टाळून.

सध्या एक नवीन सापडलंय. दोन माइकच्या रेकॉर्डिंगमधून एक बाजू वेगळी करणारं साधन आहे. त्याच्या पानावर मजकूर म्हणतो, शून्य क्रमांक म्हणजे उजवी बाजू. खालचं उदाहरण म्हणतं, डावी. दोन्हीपैकी एक नक्की चूक. एफएफएमपेगमध्ये स्टिरिओची पहिली, म्हणजे शून्य क्रमांकाची, वाहिनी डावी असते, म्हणून मला वाटतं मजकूरच चुकलाय, पण वाटून उपयोग नाही. मुलगी डाव्या माइकसमोर टाळ घेऊन उभी राहणार, उजव्या माइकसमोर मामीजी एक ओळ गाणार. मग शून्य मागायचा आणि ऐकायचं.

टाळ काढून ठेवले आहेत. मामीजींनी कोणती ओळ गायची तेही ठरवलंय, मला सांगत नाहीत. लाइट आज नऊला येईल म्हणतात.